कागदावरचे शत्रू

अहमदनगर जिल्ह्याला, आजच्या अहिल्यानगरला, किनारा नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा हा जिल्हा पठारावर पसरलेला आहे. तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत समुद्र ओलांडून आलेली माणसे इथे तीनदा आणली गेली आणि तिन्ही वेळा ती कैदी होती. शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी आले. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातले आणि पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतले जर्मन आले. सप्टेंबर १९३९ मध्ये तिसरी तुकडी आली. ब्रिटिशांनी नगर का निवडले, हे उघड आहे. जुनी लष्करी छावणी, दौंड–मनमाड लोहमार्ग, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि १८०३ पासून त्यांच्या हाती असलेला भुईकोट किल्ला, एवढे सगळे एकत्र असलेले ठिकाण त्यांना सोयीचे होते. पण या तिसऱ्या तुकडीत पहिल्या दोन्हींत नसलेली माणसे होती. ती कोणाशी लढायला आली नव्हती, व्यापार किंवा धर्मप्रसार करायलाही आली नव्हती. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून, आसरा मागत ती मुंबईच्या बंदरात उतरली होती. त्यांना आसरा मिळाला आणि त्याच सरकारने त्यांना काटेरी तारेआड नेले. समुद्र ओलांडून आश्रय मागणाऱ्या माणसाच्या अनुभवाविषयीच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मी सुरुवात नगरच्या त्या छावणीपासून करतो आहे. आश्रय कशाने मिळतो आणि कशाने हिरावला जातो, याचा आपल्या घराजवळचा सर्वांत बोलका पुरावा तिथे आहे.

ती माणसे आली कशी, ते आधी पाहू. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी ज्यूंच्या प्रश्नावर जमले आणि दोनचार अपवाद सोडले तर कोणीही दार उघडले नाही. ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का बसू लागला. १९३९ च्या आरंभापासून पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि स्त्रियांच्या नावात ‘सारा’ घालणे सक्तीचे झाले. देश सोडणाऱ्याला सोबत अवघे दहा मार्क नेता येत. घर, दुकान, दवाखाना, विम्याचे पैसे, सगळे मागे राही. त्रिएस्त किंवा जिनोआहून निघणाऱ्या इटालियन बोटी सुएझ ओलांडून मुंबईला येत आणि काही पुढे शांघायला जात. मुंबईत उतरायचे तर व्हिसा हवा आणि व्हिसासाठी हमी हवी. हा माणूस सरकारी तिजोरीवर भार होणार नाही, असे कोणीतरी लिहून द्यायचे. ते काम प्रामुख्याने १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने केले. या मार्गाने आलेल्यांत डॉक्टर, अभियंते, चित्रकार, संगीतकार, लेखक होते. व्हिएन्नाहून वॉल्टर लँगहॅमर आले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक म्हणून त्यांनी काम केले आणि पुढे रझा, आरा, हुसेन यांच्या पिढीला त्यांनी हात दिला. त्यांची पत्नी ज्यू होती. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर औषधनिर्मितीत पडले आणि त्याच चित्रकारांचे मोठे ग्राहक झाले. बर्लिनमध्ये साहित्यिक साप्ताहिक चालवणारे विली हास मुंबईत सिनेमाच्या पटकथा लिहू लागले.

अशा प्रवासाचे वर्णन करताना लाटा, वादळ आणि बोटीच्या कठड्याशी उभा असलेला माणूस यांवर लेखणी रेंगाळते. मला वाटते, खरा अनुभव तिथे नाही. बोटीवर तो माणूस निदान प्रवासी असतो, त्याच्याकडे तिकीट असते. धक्क्याला पाय लागताच तो अर्जदार होतो. आपल्यावर काय गुदरले ते त्याला अनोळखी भाषेत, अनोळखी अधिकाऱ्यापुढे, पटेल अशा क्रमाने मांडावे लागते. पुरावा मागितला जातो आणि पुरावा नेमका ज्यांच्यापासून पळालो त्यांच्याच कपाटात असतो. पदवी असते, पण ती इथे चालेल की नाही हे कोणी सांगत नाही. आपल्यामुळे स्थानिकांचे पोट मारले जाईल ही कुजबुज कानावर येते. मुंबईच्या वैद्यकीय व्यवसायातही परक्या डॉक्टरांबद्दल अशी नाराजी होती. मागे राहिलेल्या आईवडिलांची खबर युद्ध सुरू झाल्यावर फक्त रेड क्रॉसच्या फॉर्मवर येई आणि त्यावर पंचवीस शब्दांपेक्षा जास्त लिहिता येत नसे. आपण सुटलो आणि ते राहिले, हे ओझे तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. आश्रय घेणे ही वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट असते आणि तिचा बराच भाग एखाद्या कचेरीच्या बाकावर घडतो.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारले. हिंदुस्थान त्यात आपोआप ओढला गेला आणि जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड ताबडतोब सुरू झाली. कसोटी एकच होती, पासपोर्ट कोणत्या देशाचा. जर्मन कंपन्यांच्या मुंबई-कलकत्त्याच्या कचेऱ्यांतले नाझी पक्षाचे सभासद, मिशनरी आणि नाझींपासून पळालेले ज्यू, सगळे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि नगरला पोहोचले. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडला गेलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर यालाही नगरला आणले गेले. तो एसएसचा सदस्य होता. एसएसच्या दहशतीने देशोधडीला लागलेली माणसे आणि एसएसचा सदस्य, दोघांनाही सरकारने एकाच व्याख्येत बसवले. ज्या शिक्क्याच्या पासपोर्टमुळे हे लोक जर्मनीत जर्मन उरले नव्हते, तोच पासपोर्ट हिंदुस्थानात ते जर्मन असल्याचा निर्णायक पुरावा ठरला. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशात राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व कायद्यानेच काढून घेतले, तेव्हा या विसंगतीवर शिक्कामोर्तब झाले. एका राज्याने त्यांना बाहेर टाकले होते आणि दुसरे राज्य त्यांना पहिल्याचे म्हणूनच मोजत होते.

या प्रस्तावनेत मला जे मांडायचे आहे ते या घटनेच्या पुढच्या भागात आहे. हे निर्वासित सुटले, बहुतेक जण काही महिन्यांतच सुटले. कोणाला दया आली म्हणून ते घडले नाही. पंजाबच्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर लिहिणारे सनदी अधिकारी सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक समिती नेमली आणि तिने एकेकाची स्वतंत्र चौकशी केली. तू कोण, का निघालास, कशापासून पळालास, तुझ्यासाठी कोण उभे राहते, हे प्रश्न पहिल्यांदा विचारले गेले. रिलीफ असोसिएशनने हमी दिली. शांतिनिकेतनात शिकवणारे अॅलेक्स आरोन्सन यांच्यासारख्या स्थानबद्धासाठी खुद्द रवींद्रनाथांनी शब्द टाकला. पासपोर्ट बाजूला ठेवून माणसाचे ऐकले गेले, त्या दिवशी ‘शत्रू’ हा शब्द गळून पडला. म्हणून माझे म्हणणे असे की आश्रय हे औदार्याचे फळ असले तरी त्याचा पाया सुनावणी हाच आहे. माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याची बांधलेली, ठरलेली, कोणाच्या मर्जीवर न टिकणारी पद्धत नसेल, तर उदार सरकारही निर्वासिताला तुरुंगात टाकू शकते. नगरमध्ये तेच झाले. ती पद्धत कायमची नव्हती म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताच सुटलेल्यांपैकी काहींना पुन्हा धरले गेले. पुरंदरच्या किल्ल्यावर आणि साताऱ्याला ज्यांना ठेवले गेले त्यांच्यात निर्वासित कुटुंबेही होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो युद्धाचा. गुप्तहेर निर्वासिताच्या वेषात येऊ शकतो, चौकशीला वेळ लागतो, तोवर सरकारने काय करावे? आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकणारा लेखक वाचकाची फसवणूक करतो. युद्ध पेटल्यावर सरकारने काही आठवडे सावध राहणे मला अन्याय्य वाटत नाही. पण सावधपणाचे काम निवड करण्याचे असते. ज्याला नाझी कोण आणि नाझींचा बळी कोण हे ओळखता येत नाही, त्या यंत्रणेच्या हाती सुरक्षाही राहत नाही, कारण ती आपले हितचिंतकच कोंडून ठेवते. ब्रिटनचा अनुभव हेच सांगतो. तिथे १९३९ च्या शरदात न्यायमंडळांनी परदेशीयांचे तीन वर्ग केले आणि बहुसंख्य निर्वासितांना निर्धोक ठरवले. १९४० मध्ये भीतीच्या लाटेत ते निकाल गुंडाळून हजारोंना सरसकट पकडले गेले. जुलैमध्ये ‘डुनेरा’ बोटीतून सुमारे अडीच हजार स्थानबद्ध ऑस्ट्रेलियाला पाठवले गेले. त्यांतले बहुतेक ज्यू निर्वासित होते. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात सरकारने बहुतेकांना टप्प्याटप्प्याने सोडले. त्यांतले अनेक ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैन्यात हिटलरविरुद्ध भरती झाले. सुनावणी मोडून मिळालेली सुरक्षा ती काय?

दुसरा आक्षेप तुलनेचा आहे. नगरची छावणी म्हणजे दाखाऊ नव्हे. तिथे अन्न होते, जीव सुरक्षित होता आणि युरोपात राहिले असते तर यांतले बहुतेक मारले गेले असते. हे सगळे खरे आहे आणि ते कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. मुंबईने दिलेल्या व्हिसाने माणसे वाचली. पण क्रूरतेच्या शिखराशी तुलना करून कोणत्याही अन्यायाला किरकोळ ठरवता येते. ज्याने दार ठोठावताना हात पसरले त्याच्या हाताला बेडी घालणे, ती हलकी असली तरी, त्या माणसाचा एक विश्वास कायमचा मोडते. इथे माझे ऐकले जाईल, हा तो विश्वास. आणि निर्वासिताजवळ तेवढेच भांडवल असते.

महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या दोन घटना नगरशेजारी ठेवल्या की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. स्तालिनच्या राजवटीने १९४०–४१ मध्ये पोलंडमधून हाकललेली कुटुंबे १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली आणि तिथून समुद्रमार्गे कराचीत उतरून १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे वसली. सुमारे ५,००० माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांना शाळा, चर्च, दवाखाना आणि स्वतःचे व्यवस्थापन मिळाले. कोल्हापूरकरांचा जिव्हाळा त्यात होताच, आणि ती मैत्री आजही टिकून आहे. पण लंडनमधले पोलिश निर्वासित सरकार त्यांच्या पाठीशी होते, त्यांचा खर्च उचलत होते आणि ब्रिटिश त्याला मित्र मानत होते, हेही तितकेच खरे. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढली आणि वळिवड्याच्या माणसांमागचे राज्य एका दिवसात नाहीसे झाले. मग त्यांची सोय आंतरराष्ट्रीय संस्थांकडे गेली आणि १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. रिकाम्या बराकींत सिंधी आले. त्या वस्तीचे नाव पुढे गांधीनगर पडले. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी मुंबईला आलेल्या लाखो सिंधी हिंदूंचे हाल काही कमी झाले नाहीत. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांनी कोंदट बराकींत संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या जागेचे उल्हासनगर झाले. पण त्यांना आपण कोण हे सिद्ध करावे लागले नाही, कारण राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांना नागरिक म्हणून आपले म्हटले. तिघांनीही समुद्र ओलांडला आणि तिघांनीही घर गमावले. पोलिशांमागे मित्रराष्ट्र होते आणि सिंध्यांपुढे स्वतःचे राष्ट्र होते. ज्यूंच्या मागेपुढे कोणीच नव्हते, म्हणून नगर त्यांच्या वाट्याला आले. त्यांना काय मिळाले ते दुःखाच्या मापाने ठरलेच नाही.

यावर कोणी म्हणेल की आपल्याला सुनावणीची काय गरज, आपली परंपरा अतिथीची आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही बेने इस्राएल समाजाची आपल्या मुळाविषयीची कथा आहे. कोकणाने त्यांना कागद विचारला नाही. ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले, मराठी बोलू लागले. या परंपरेचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र त्या काळी किनाऱ्यावर पासपोर्ट तपासणारे राज्य नव्हते. गावाने ‘राहा’ म्हटले की माणूस राहिला. आज गाव कितीही प्रेमळ असो, त्याच्या ‘राहा’ला कायद्यात किंमत नाही. मुंबईतल्या शेजाऱ्यांनी १९३९ मध्ये निर्वासितांना घरे दिली, नोकऱ्या दिल्या, तरी पोलीस आलेच. आतिथ्य राज्यापर्यंत पोहोचवायचे असेल तर ते कलमांच्या भाषेत लिहावे लागते.

राष्ट्रीय चळवळीतही हा वाद झडला होता. जवाहरलाल नेहरूंनी १९३८–३९ मध्ये ज्यू निर्वासितांना, विशेषतः तज्ज्ञांना, हिंदुस्थानात घ्यावे असा आग्रह धरला. सुभाषचंद्र बोस यांना तो पटला नाही. त्यांच्या नापसंतीची नोंद दोघांच्या १९३९ च्या पत्रव्यवहारात आहे. मी नेहरूंच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या युक्तिवादातली उणीवही दाखवली पाहिजे. ‘कुशल माणसे उपयोगी पडतील’ ही कसोटी लावली तर लँगहॅमर आत येतात, आणि वळिवड्याची चार मुलांची विधवा बाहेर राहते. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९४२ मध्ये, नेहरू स्वतः नगरच्या किल्ल्यात आले. पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव यांच्यासह ते तिथे होते आणि कोणावरही खटला चालला नव्हता. १९४४ मध्ये तिथे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. नगरचे लोक किल्ला या घटनेने ओळखतात आणि ते योग्यच आहे. त्याच शहरात थोडे आधी आलेल्या, पुस्तक न लिहिलेल्या बंदिवानांची आठवणही शहराने ठेवायला हवी, कारण सुनावणीविना बंदिवास हा दोघांच्या अनुभवातला समान धागा आहे.

हे सगळे परक्या सत्तेचे पाप, आपला त्याच्याशी काय संबंध, असा एक सोयीचा बचाव आहे. १९६२ ने तो संपवला आहे. चीनशी युद्ध झाले तेव्हा स्वतंत्र भारताने आसाम, बंगालमधल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले. त्यांत कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच होते. काहींना वर्षानुवर्षे तिथे काढावी लागली. राज्य आपले झाले तरी सवय तीच राहिली, कारण सवय बदलणारा कायदा आपण केला नाही.

आणि इथे मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगायची आहे. नगरमध्ये आणि ब्रिटनमध्ये झालेली चूक जगाने ओळखून लिहून ठेवली आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४४ वे कलम सांगते की ज्या निर्वासितांना प्रत्यक्षात कोणत्याही सरकारचे संरक्षण नाही, त्यांना केवळ कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिकत्व आहे म्हणून शत्रू मानू नये. भारताने तो करार १९५० मध्ये स्वीकारला आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला. म्हणजे युद्धापुरता नगरचा धडा आपण मान्य केला आहे. शांततेच्या काळासाठी हेच तत्त्व १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आहे, आणि त्यावर भारताची सही नाही. १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा यांवर आपण पाऊणशे वर्षे काढली. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकविषयक नवा कायदा आला. निर्वासित कोण, हे त्यातही सांगितलेले नाही.

विरोधक विचारतील, कायदा नसतानाही भारताने तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ यांना आसरा दिलाच ना? दिला, आणि १९५९ पासून तिबेटींना जे मिळाले त्याला जगात तोड क्वचितच सापडेल. पण हा आसरा गटवार आणि आदेशवार आहे. नव्या कायद्याखालच्या सवलतीतही श्रीलंकेच्या नोंदणीकृत तमिळांसाठी ९ जानेवारी २०१५ ही मर्यादा आहे. दहाला रामेश्वरमच्या किनाऱ्यावर उतरलेल्याचे भय नऊला उतरलेल्यापेक्षा वेगळे कसे? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात घटनेचे २१ वे कलम परदेशी व्यक्तीलाही जीविताचे संरक्षण देते हे स्पष्ट केले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयातून, एका श्रीलंकन तमिळाच्या याचिकेवर, भारत ही धर्मशाळा नव्हे असा शेरा आला. दोन्ही उद्गार एकाच इमारतीतून येतात, कारण मधली जागा कायद्याने भरलेली नाही. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयी खासगी विधेयक मांडले, ते पुढे गेले नाही.

आपलेच लोक दुष्काळाने घर सोडतात, आधी त्यांचे पाहा, असे पाथर्डी-शेवगावचा माणूस म्हणाला तर त्याला उत्तर देणे लागते. ऊसतोडीला गेल्यावर रेशन, शाळा, मतदान या सगळ्यांत आपले नाव कुठल्या यादीत आहे यावर कसे अडते, हे तो जाणतो. यादीबाहेरच्या माणसाला कोणी विचारत नाही, हे त्याला इतरांपेक्षा चांगले कळते. सुनावणीची मागणी सर्वांना आत घेण्याची मागणी नाही. ऐकून घेतल्यावर काहींना नकार मिळेल आणि तो मिळायलाही हवा. आधी ऐका, मग ठरवा, आणि ठरेपर्यंत ज्याच्यापासून पळाला त्याच्या हाती परत देऊ नका, एवढीच ती मागणी आहे. तिला लागणारा पैसा एखाद्या बंधाऱ्याच्या आड येत नाही.

पुढच्या पानांतली माणसे वेगवेगळ्या समुद्रांवरून आली आहेत. वाचकाला विनंती अशी, की त्यांच्या प्रवासाइतकेच लक्ष त्यांच्या कागदांकडे द्यावे. प्रत्येकाचे म्हणणे कोणी ऐकले, किती वर्षांनी ऐकले आणि ऐकण्याआधी त्याला कुठे ठेवले होते, हे पाहावे. आणि वाचून झाल्यावर आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे: भारताला आश्रयाचा कायदा हवा, आणि त्याचे पहिले कलम सुनावणीचे हवे.